जुनं भोक बुजवू का? घराचं काम, नवा गॅस गिझर आणि धुराची वाट

(या आठवड्याच्या भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती काढलीय, बाकी बोललो तसंच ठेवलंय. एसटीत असाल, रेंज येत-जात असेल, तर ऐकण्याऐवजी वाचून काढा.)

थंडी पडायला लागली की मराठवाड्यात पारा कुठं सगळ्यात खाली गेला याच्या बातम्या सुरू होतात, आणि त्यात आपल्या परभणीचं नाव बहुतेक वेळा असतंच. आकडा आपल्या कृषी विद्यापीठाच्या हवामान केंद्राचा. बातमी वाचून आपण स्टेटस टाकतो, आणि मग आंघोळीला जायची हिंमत करतो.

तर आजचा विषय आंघोळीच्या गरम पाण्याचाच आहे. सुरुवात एका व्हॉइस मेसेजपासून करतो. जिंतूर रोडवर राहणाऱ्या आपल्या एका श्रोत्याचा तो आहे. तो म्हणतो:

"दादा, आमच्या घराचं काम चालू आहे. बाथरूम पूर्ण तोडून नवीन करतोय. गॅस गिझर आठ वर्षांपासून आतच होता, कधी काही झालं नाही. आता तो काढून नवा घेतलाय. टाईल्सवाले मामा विचारायलेत, वरच्या कोपऱ्यातलं जुनं भोक बुजवू का? पप्पा म्हणतात बुजवा, पाली येतात. मी काय सांगू?"

मी त्याला लगेच उत्तर पाठवलं: "थांबव. भोक बुजवू नको, आणि नवा गिझर अजून भिंतीला लावू नको." पण एवढ्यावर कुणाचे पप्पा ऐकत नाहीत, हे मलाही माहीत आहे. म्हणून कारण समजून घेऊ.

आजीच्या बंबाला धुराडं होतं

तुमच्या घरी, निदान आजोळी, तांब्याचा बंब पाहिलाय का? मधोमध एक नळी. खाली जाळ, नळीच्या भोवती पाणी, आणि धूर नळीतून वर. म्हणजे धूर कुठून जाणार हे बंब बनवणाऱ्यानं आधीच ठरवून ठेवलेलं. वर तो बंब असायचा अंगणात, नाहीतर परसात. पाणी बादलीनं न्हाणीत जायचं, जाळ बाहेरच राहायचा. जुन्या माळवदाच्या घरातसुद्धा चुलीच्या वर छताला भोक ठेवलेलं असायचं.

पुढं गॅस आला. गॅसचा धूर डोळ्यांना झोंबत नाही, भिंत काळी होत नाही. त्यामुळं आपल्याला वाटलं, धूरच नाही तर धुराडं कशाला? आणि जाळ थेट न्हाणीघरात आला. दार बंद, कडी लावलेली, आत माणूस आणि आत जाळ. बंबाच्या काळात असं कुणी केलं नसतं.

गॅसलाही धूर असतोच. तो दिसत नाही एवढंच.

दहा मिनिटांचा हिशोब

आपण घरच्या घरी एक गणित करू. मोबाईल आहेच हातात, कॅल्क्युलेटर उघडा.

मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा साधा गॅस गिझर घ्या. थंडीत पाणी 25 अंशांनी तापवायचं, तर तो तासाला अंदाजे 1 किलो गॅस जाळतो. स्वयंपाकघरातले पाच-सहा बर्नर एकदम मोठे केले तर जेवढा जाळ होईल, तेवढा जाळ त्या छोट्या डब्यात असतो. हे फार जणांच्या डोक्यात येत नाही, कारण डबा दिसायला लहान असतो.

एक किलो एलपीजी नीट जळायला साधारण 13 घनमीटर हवा लागते. म्हणजे 13,000 लिटर. दहा मिनिटांच्या आंघोळीत गॅस जळतो 160-170 ग्रॅम. त्याला हवा लागते दोन हजार लिटरहून थोडी जास्त.

आता बाथरूम मोजा. पाच फूट बाय चार फूट, उंची आठ फूट. झाले 160 घनफूट, म्हणजे साधारण 4,500 लिटर हवा. त्यात पीओपीची सिलिंग खाली घेतली की 4,000 लिटर.

म्हणजे बाहेरून हवा आलीच नाही, तर एका माणसाच्या आंघोळीत बाथरूममधल्या जवळपास निम्म्या हवेतला ऑक्सिजन संपतो. आणि थंडीत आपण एकामागून एक तिघं-चौघं जातो, गिझर तोच, खोली तीच.

खरा धोका ऑक्सिजन संपायच्या बराच आधी सुरू होतो. हवेत ऑक्सिजन साधारण 21 टक्के असतो. तो थोडा जरी खाली आला, तरी जाळ अर्धवट जळायला लागतो. नीट जळला तर कार्बन डायऑक्साईड आणि वाफ तयार होते. अर्धवट जळला तर कार्बन मोनॉक्साईड. आजच्या भागातला चोर हाच.

वास आला नाही, म्हणून...

सगळ्यात मोठा गैरसमज इथं आहे. एलपीजीला मुळात जवळजवळ वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचं रसायन मिसळतात, त्याला मरकॅप्टन म्हणतात. त्यामुळं आपल्या नाकाला सवय झालीय: वास आला की धोका, वास नाही की सगळं ठीक.

पण तो वास न जळलेल्या गॅसचा. गॅस जळाला की ते रसायनही जळतं. कार्बन मोनॉक्साईडला ना वास, ना रंग, ना चव. खोकला येत नाही, डोळे चुरचुरत नाहीत.

रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेतं हे दहावीला शिकलोय. कार्बन मोनॉक्साईड त्याच हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा 200 पटीहून जास्त घट्ट चिकटतो. बसमध्ये सगळ्या सीटवर कुणी रुमाल टाकून ठेवावा, तसं होतं. ऑक्सिजन दारात उभा, पण बसायला जागा नाही. डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, पायातलं बळ जातं. माणसाला कळतं की काहीतरी होतंय, पण उठून कडी काढायची ताकद उरत नाही. हवेच्या हजार भागांत सहा-सात भाग जरी हा वायू झाला, तरी दहा-पंधरा मिनिटांत जीव जाऊ शकतो.

आणि हलकं काही झालं तर आपण काय म्हणतो? "उपाशीपोटी आंघोळ केली म्हणून चक्कर आली." "पित्त झालं." ज्या घरात आंघोळीनंतर डोकं दुखतं, त्यांनी पित्ताची गोळी घ्यायच्या आधी गिझरकडं बघावं.

आठ वर्षं काही झालं नाही, कारण बाथरूम जुनं होतं

आता पप्पांच्या मुद्द्याकडं येऊ. "आठ वर्षं वापरला, काही झालं नाही." हे खरं आहे, आणि काम करताना माणूस इथंच फसतो.

जुनं बाथरूम आठवा. पत्र्याचं दार, खाली दोन बोटांची फट. खिडकीला काचेच्या पट्ट्या, त्यातल्या दोन तुटलेल्या. वरच्या कोपऱ्यात ते पालीचं भोक. आपल्याला ते सगळं गबाळं वाटायचं. पण गिझरला हवा त्याच फटीतून येत होती, आणि धूर त्याच भोकातून जात होता. आठ वर्षं जीव त्या फटींनी वाचवला.

नवीन बाथरूममध्ये काय करतो आपण? फायबरचं दार, चौकटीला घट्ट. स्लायडिंगची खिडकी, रबराच्या पट्टीसकट. छतापर्यंत टाईल्स. सिलिंग खाली. प्रत्येक गोष्ट चांगली, महागाची, आणि प्रत्येक गोष्टीनं एकेक फट बंद केली. जो गिझर जुन्या खोलीत चालून गेला, तोच या खोलीत घात करू शकतो. मशीन बदललं नाही तरी खोली बदललीय.

मग तुम्ही म्हणाल, एक्झॉस्ट फॅन बसवू. थांबा, त्यातही मेख आहे. फॅन खोलीतली हवा बाहेर ओढतो, पण बदली हवा आत यायला वाट हवी. दार घट्ट, खिडकी बंद असेल तर तो हवा मिळेल तिथून ओढणार. गिझरला धुराचा पाइप असेल, तर त्या पाइपातूनच उलटी हवा आत येते, आणि बाहेर जाणारा धूर परत खोलीत. नुसता फॅन लावून प्रश्न सुटत नाही, कधी कधी वाढतो.

तीन जातींचे गिझर

दुकानात गेलात तर रंग आणि लिटर विचारायच्या आधी हे विचारा: हा हवा कुठून घेतो, आणि धूर कुठं सोडतो?

पहिली जात, बिनधुराड्याची. आपल्याकडं सगळ्यात जास्त दिसणारा छोटा डबा. हवा खोलीतून घेतो, धूरही खोलीतच सोडतो. याची जागा बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत. आत नाहीच.

दुसरी जात, एका पाइपाची. धूर पाइपातून बाहेर जातो, पण जाळाला हवा अजून खोलीतूनच लागते. घट्ट बंद खोलीत याचं पोट भरत नाही, आणि मघाशी सांगितलं तसं फॅन धूर उलटा ओढू शकतो.

तिसरी जात, बंद पेटीची. याला बॅलन्स्ड फ्लू म्हणतात. पाइपात पाइप असतो. आतल्या नळीतून धूर बाहेर, बाहेरच्या नळीतून ताजी हवा आत. जाळ आणि खोली यांचा संबंधच येत नाही. खोलीच्या आत लावायचाच असेल तर हाच, आणि तोही कंपनीच्या माणसाकडून. महाग असतो. शिवाय यातल्या बऱ्याच मशीनमध्ये पंखा असतो, त्याला वीज लागते. लाईट गेली की गिझर बंद. लोक यावर चिडतात, कारण गॅस गिझर घेतलाच लोडशेडिंगसाठी. पण धूर बाहेर ढकलणारा पंखाच बंद असेल, तर जाळ बंद होणं हेच बरोबर आहे. फार तर इन्व्हर्टरवर जोडा.

परदेशातल्या ताईचा फायरप्लेस

आपले काही श्रोते बाहेरून ऐकतात. अमेरिकेत, कॅनडात दिवाणखान्यात गॅसचा फायरप्लेस असतो, काचेमागं जाळ. त्यातल्या डायरेक्ट व्हेंट प्रकाराची रचना अगदी आपल्या तिसऱ्या जातीसारखी: पाइपात पाइप, पुढं सीलबंद काच.

घराचं काम काढलं की तिथंही तोच मोह होतो. जुना फायरप्लेस काढला, नवा आणला, पाइप तर भिंतीत आहेच, जोडा त्यालाच! पण जुना फायरप्लेस खोलीतली हवा घेणारा असेल, तर त्याच्या दुहेरी भिंतीच्या पाइपातली पोकळी हवा आणण्यासाठी नसते. ती फक्त बाहेरचा पत्रा जास्त तापू नये म्हणून असते. त्याला डायरेक्ट व्हेंट जोडता येत नाही. विटांची जुनी चिमणी असेल, तर नव्या मशीनसाठी तिच्यातून दोन लवचिक नळ्या सोडतात, एक धुराची आणि एक हवेची. पाइप कोणता, किती लांब, किती वळणं, बाहेरचं तोंड खिडकीपासून किती दूर, हे नव्या मशीनच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. जुन्या मशीनचं पुस्तक नव्याला चालत नाही.

हीच गोष्ट जिंतूर रोडवरच्या भिंतीतल्या भोकाला लागू आहे. नवं मशीन, तर धुराच्या वाटेचा विचारही नव्यानं.

हे फक्त गरिबाच्या घरात होतं असं नाही

1977 ची ऑस्ट्रेलियन ओपन जिंकणारा टेनिसपटू व्हिटस गेरुलायटिस. 17 सप्टेंबर 1994 ला न्यूयॉर्कजवळ मित्राच्या बंगल्यावर पाहुण्यांच्या खोलीत झोपलेला असताना तो गेला. वय 40. पोहण्याच्या तलावाचं पाणी तापवणारा गॅस हीटर नीट बसवलेला नव्हता, आणि त्यातला कार्बन मोनॉक्साईड खोलीत आला. श्रीमंत वस्ती, महागडं घर. चुकली फक्त धुराची वाट.

आणि जानेवारी 2020. केरळमधून नेपाळला फिरायला गेलेली मित्रांची कुटुंबं. दामन नावाच्या थंड जागी रिसॉर्टमध्ये उतरली. रात्री खोलीत गॅसचा हीटर, दारं-खिडक्या आतून बंद. सकाळी आठ जण उठलेच नाहीत. त्यात चार लहान मुलं होती.

हीटर, गिझर, फायरप्लेस, शेगडी, नाव काहीही असू द्या. बंद खोलीत जाळ, एवढं एकच सगळीकडं सारखं.

काम चालू असतानाच करायच्या गोष्टी

टाईल्स लागल्यावर भिंत फोडायला कुणी तयार होत नाही. म्हणून हे आधी:

1. गिझर बाहेर काढा. बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीला, अंगणात किंवा गच्चीवर, पावसाचं थेट पाणी लागणार नाही अशा ठिकाणी. आत फक्त गरम पाण्याचा पाइप आणा. हा पाइप टाईल्सच्या आधी भिंतीत टाकून घ्या.

2. बाहेर म्हणजे खरंच बाहेर. चारही बाजूंनी बंद डक्ट किंवा शाफ्ट म्हणजे बाहेर नाही. दुसऱ्या खोलीच्या खिडकीखाली लावू नका. आणि आज उघडी असलेली बाल्कनी पुढच्या वर्षी स्लायडिंगनं बंद करणार असाल, तर गिझरची जागा आत्ताच बदला.

3. धुराचा पाइप असेल तर तो थेट मोकळ्या हवेपर्यंत न्या. सिलिंगच्या वर नेऊन सोडून देऊ नका. प्लंबिंगचा पीव्हीसी पाइप धुराला वापरू नका, तो तापून मऊ पडतो. लांबी आणि वळणं कंपनीच्या पुस्तकाप्रमाणं.

4. बाथरूमला कायमची उघडी राहणारी जाळी ठेवा, एक वर आणि एक दाराच्या खाली. पालींची भीती असेल तर बारीक जाळी लावा, भोक बुजवू नका. एलपीजी हवेपेक्षा जड, तो खाली साचतो. गरम धूर वर जातो. म्हणून दोन्हीकडं वाट हवी.

5. वर्षातून एकदा, थंडीच्या आधी, गिझर उघडून साफ करून घ्या. आपल्याकडं बोअरच्या क्षारांनी आतली नळी भरते, वरच्या पात्यांत काजळी बसते, आणि धूर अडतो. ज्योत पिवळी दिसली, डब्यावर काळं दिसलं, तर वापर थांबवा. पण ज्योत निळी आहे म्हणून खोली सुरक्षित आहे, असंही समजू नका.

6. कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म ऑनलाइन मिळतो. घेताना नीट वाचा. एलपीजी गळतीचा अलार्म वेगळा, धुराचा वेगळा आणि हा वेगळा.

आणि भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांनो, पुण्यात किंवा संभाजीनगरला शिकायला गेलेल्यांनो, तुमच्या बाथरूममध्ये आत गिझर आहे का, ते आज बघा. असेल तर घरमालकाला हा भाग पाठवा. तोपर्यंत पाणी बादलीत भरून घ्या, गिझर बंद करा, दार उघडून हवा खेळू द्या, आणि मगच आंघोळ.

कुणी आत पडलं तर

हाक मारून उत्तर आलं नाही तर वाट बघू नका. दार तोडा. आत शिरताना श्वास रोखा, माणसाला ओढून मोकळ्या हवेत आणा, नाहीतर वाचवणारासुद्धा तिथंच पडतो. दुसऱ्या कुणाला तरी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करायला सांगा. 108 ला फोन करा. श्वास नसेल तर येत असल्यास सीपीआर सुरू करा.

दवाखान्यात पहिलं वाक्य हे सांगा: "बाथरूममध्ये गॅस गिझर चालू होता." कारण कोरोनात आपण सगळ्यांनी घेतलेला तो बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथं फसवतो. कार्बन मोनॉक्साईड चिकटलेलं रक्तही त्याला ऑक्सिजनवालंच वाटतं. तो 98 दाखवेल आणि माणूस मरणाच्या दारात असेल. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. मास्कनं शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण दीड तासाच्या आत. म्हणून "आता बरं वाटतंय" म्हणून घरी झोपवून ठेवू नका.

आणि वास आला, म्हणजे गॅसच गळतोय, तर ती वेगळी गोष्ट. तिथं लाईटचं बटन चालू-बंद करू नका, रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, आणि बाहेर जाऊन 1906 ला फोन.

मग जिंतूर रोडचं काय झालं?

चार दिवसांनी त्याचा पुन्हा मेसेज आला. पप्पा गणितानं पटले. पाच बर्नरवाली गोष्ट ऐकून आईच म्हणाली म्हणे, "बंद खोलीत पाच शेगड्या पेटवून आंघोळीला बसतं का कुणी?" नवा गिझर बाहेर अंगणाच्या भिंतीला गेला. पाइपाचं आणि मजुरीचं थोडं वाढलं. गरम पाणी आत यायला काही सेकंद जास्त लागतात, तेवढं थंड पाणी बादलीत धरून धुण्याला वापरतात. आणि वरच्या कोपऱ्यातलं भोक? तिथं मामांनी स्टीलची बारीक जाळी बसवून दिली. पाल येत नाही, हवा येते.

तर मंडळी, हा भाग स्टेटसला ठेवायची गरज नाही. घरच्या ग्रुपवर टाका, आणि ज्यांच्या घराचं काम चालू आहे त्यांना आजच फोन करा. टाईल्स लागायच्या आधी. तुमच्या बाथरूमचा काही पेच असेल तर व्हॉइस मेसेज पाठवा, पुढच्या भागात बोलू. काळजी घ्या, भेटू लवकरच!